हवेच्या फाईलवर विधानसभेची सही का नाही?

कुंभकोणम म्हटलं की मराठी माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक, डिग्री कॉफी. दुसरी, तंजावरचे भोसले. 1676 ते 1855 या काळात कावेरीकाठी 'आपलं' राज्य होतं, हे आपल्याकडे छाती फुगवून सांगितलं जातं. त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झालेले टी. माधवराव 1828 मध्ये याच कुंभकोणमला जन्मले, हेही मोठ्या कौतुकाने सांगितलं जातं. या कौतुकात राजा असतो, दिवाण असतो, ग्रंथालय असतं. रस्ता झाडणारं, मेलेलं जनावर ओढणारं, दुसऱ्याच्या शेतात भात लावणारं माणूस नसतं. मी या गावात गेले ती अशा माणसांना भेटायला. माझा पीएच.डी.चा विषय शहरी सफाईकाम हा आहे.

पहाटे पाचच्या सुमारास देवळाबाहेरच्या रस्त्यावर झाडू मारणाऱ्या एका बाईंशी मी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये बोलत होते. त्यांना मी अक्का म्हणत होते. थोरल्या बहिणीला तिकडेही अक्काच म्हणतात, तेवढाच आधार. त्यांनी विचारलं, शिकतेस काय? मी म्हटलं, "काट्रु." म्हणजे हवा. त्या हसल्या. हवेत काय शिकायचं? मग मी धुळीचं बोलले, जळणाऱ्या कचऱ्याचं बोलले, हवा सुधारायच्या सरकारी योजनांचं बोलले. त्यांनी झाडू न थांबवता विचारलं, "हे ठरवतं कोण? कलेक्टर?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या, नेट पास झालेल्या बाईला साधा प्रश्न सुटला नाही. नंतर कायदे काढून वाचले तेव्हा कळलं, की उत्तर अवघड नाही, लाजिरवाणं आहे. हवेबद्दल कोण ठरवतं? अधिकारी ठरवतात. आपण मत देऊन ज्यांना पाठवतो त्यांच्यासमोर ती फाईल येतच नाही.

आधी योजना कशी बनते ते बघू. केंद्र सरकारने जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. सुरुवातीला 102 शहरं, पुढे 131. यातली सर्वात जास्त, म्हणजे 19, महाराष्ट्रातली आहेत: मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर, जालना, सोलापूर, उल्हासनगर वगैरे. तमिळनाडूची चार: चेन्नई, मदुराई, तिरुचिरापल्ली, तुतिकोरीन. कुंभकोणम यादीत नाही. 2011 च्या जनगणनेत जेमतेम 1 लाख 40 हजारांचं हे गाव, 2021 मध्ये महानगरपालिका झालं. यादीत यायचं तर आधी हवा अनेक वर्षं मोजलेली हवी आणि ती सलग मानकाबाहेर गेलेली हवी. जिथे यंत्र लागलं नाही तिथे कागदावर प्रदूषण नाही. यंत्र कुठे लागतं आणि कुठे लागत नाही, हा प्रश्न आपल्या वाचकांना वेगळा समजावून सांगायला नको. नळ कुठल्या आळीत आधी येतो, हे आपण लहानपणापासून बघितलेलं आहे.

आता यादीतल्या शहरांचं. राष्ट्रीय हरित लवादाने 8 ऑक्टोबर 2018 रोजी आदेश दिला, की प्रत्येक राज्याने सहा जणांची हवा गुणवत्ता देखरेख समिती नेमावी. पर्यावरण, परिवहन, उद्योग, नगरविकास, कृषी या खात्यांचे संचालक आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सदस्य सचिव. या समितीने आराखडा करायचा, मुख्य सचिवांनी लक्ष ठेवायचं आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मंजुरी द्यायची. पूर्ण साखळी नीट बघा. सहा अधिकारी, वर एक अधिकारी, त्याच्या वर दिल्लीचं मंडळ. यात नगरसेवक कुठे आहे? आमदार कुठे आहे? आरोग्य खातंसुद्धा या सहा जणांत नाही. कामगार खातं नाही. समाजकल्याण तर कुणाला सुचलंही नसेल.

ही साखळी अशी का झाली, याचं मूळ 40 वर्षांपेक्षा जुनं आहे, आणि ते राज्यघटनेच्या दोन कलमांत आहे. स्पर्धा परीक्षेसाठी आपण ही कलमं पाठ करतो आणि विसरतो. एकदा त्यांच्याकडे नीट बघा.

पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा 1974 चा. पाणी आणि सार्वजनिक आरोग्य हे राज्यांच्या सूचीतले विषय, म्हणून संसदेने तो कलम 252 खाली केला. म्हणजे आधी काही राज्यांच्या विधानमंडळांनी ठराव केले, मग संसदेने कायदा केला, आणि बाकीच्या राज्यांनी आपापल्या सभागृहात ठराव करून तो स्वीकारला. महाराष्ट्राचा तर 1969 चा स्वतःचा पाणी प्रदूषण कायदा होता. आपलं प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970 मध्ये त्यातून जन्मलं. म्हणजे पाण्याच्या बाबतीत विधानसभेला विचारावं लागलं.

हवेचा कायदा 1981 चा. तो कलम 253 खाली झाला. आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलेली गोष्ट अमलात आणायची असेल, तर संसद राज्यांना न विचारता कुठल्याही विषयावर कायदा करू शकते, असं हे कलम सांगतं. 1972 च्या स्टॉकहोम परिषदेचा आधार घेतला गेला. एकाही विधानसभेत ठराव झाला नाही. तीच नदी, तोच धुराडा, तोच कारखाना, पण सांडपाण्यासाठी विधानसभेची संमती आणि धुरासाठी गरज नाही.

याचा परिणाम कागदापुरता राहिलेला नाही. 2023 मध्ये संसदेने जनविश्वास कायदा केला. हवा कायद्याच्या मुख्य गुन्ह्यांना आधी दीड ते सहा वर्षं तुरुंगवास होता. तो गेला, त्या जागी 10 हजार ते 15 लाख रुपये दंड आला. 1 एप्रिल 2024 पासून हे देशभर लागू झालं, कोणत्याही राज्याला न विचारता. तसाच बदल पाण्याच्या कायद्यात करायचा म्हटल्यावर केंद्राला 2024 मध्ये वेगळा कायदा करावा लागला, आणि तो आधी फक्त हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाला. इतर राज्यांच्या बाबतीत तिथल्या सभागृहाचा ठराव लागणार. हा फरक समजून घ्या. पाण्याच्या बाबतीत आपला आमदार किमान उभा राहून म्हणू शकतो, की कारखानदाराचा तुरुंग माफ करायला माझा विरोध आहे. हवेच्या बाबतीत त्याच्याकडे तो ठरावच येत नाही.

मग हवा कायद्यात विधानसभेला काहीच जागा नाही का? एक जागा आहे, आणि ती आपण वापरत नाही. कलम 35. राज्य मंडळाने दरवर्षी आपल्या कामाचा अहवाल तयार करायचा, आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत सरकारला द्यायचा, आणि सरकारने तो नऊ महिन्यांच्या आत विधानमंडळाच्या पटलावर ठेवायचा. 31 मार्चपासून नऊ महिने म्हणजे 31 डिसेंबर. महाराष्ट्रात डिसेंबरात अधिवेशन कुठे असतं? नागपूरला. म्हणजे कोराडी आणि खापरखेड्याच्या धुराड्यांपासून थोड्याच अंतरावर बसलेल्या सभागृहाला, गेल्या वर्षी मंडळाने काय केलं, किती कारखान्यांना नोटिसा दिल्या, किती खटले भरले, हे विचारायचा कायदेशीर हक्क आहे. पण पटलावर ठेवणं आणि चर्चा करणं यात फरक आहे. चर्चा झालीच पाहिजे, असं कलम 35 मध्ये कुठेही लिहिलेलं नाही. आणि ज्या आराखड्यांवर कोट्यवधी रुपये खर्च होतात, ते शहरांचे आराखडे तर पटलावर ठेवायचंही बंधन नाही.

पैसे कुठे गेले तेही सांगते. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने 2024 मध्ये या कार्यक्रमाचा हिशेब मांडला. खर्चातला सुमारे 64 टक्के पैसा रस्त्यावरच्या धुळीवर गेला. उद्योगांच्या प्रदूषणावर एक टक्क्याहूनही कमी. म्हणजे रस्ते झाडायची यंत्रं, पाण्याचे फवारे, फूटपाथचं काँक्रीट. यंत्राने माणसाच्या हातातला झाडू सुटणार असेल तर मी पहिली टाळी वाजवेन. पण झाडू मारणाऱ्या बाईच्या छातीचा एक्स-रे, तिची कायम नोकरी, यंत्र आल्यावर तिला दुसरं काम, यातलं काही त्या आराखड्यांच्या हिशेबात महत्त्वाचं नाही. धूळ हा आकडा आहे, धूळ खाणारी बाई आकडा नाही. हा खर्च लोकलेखा समितीसमोर आला असता, आणि समितीत एखादा सफाई कामगाराच्या घरातला सदस्य असता, तर पहिला प्रश्न काय आला असता, हे सांगायला समाजशास्त्र लागत नाही.

कुणी म्हणेल, विधानसभा काय दिवे लावणार आहे? तर कुंभकोणमच्याच भागातली गोष्ट ऐका.

कुंभकोणमच्या जवळ कदिरामंगलम नावाचं गाव आहे. 30 जून 2017 रोजी तिथे ओएनजीसीची तेलाची पाईपलाईन फुटली, आग लागली, लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, आंदोलकांना अटक झाली. त्याआधी आणि त्यानंतर कावेरी डेल्टात मिथेन, हायड्रोकार्बन यांच्या विरोधात गावोगाव आंदोलनं चालू होती. पुढे 20 फेब्रुवारी 2020 रोजी तमिळनाडू विधानसभेने संरक्षित कृषी क्षेत्राचा कायदा केला. तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिणम हे जिल्हे आणि कडलूर, पुदुकोट्टईचे काही तालुके त्यात घेतले. कुंभकोणम तंजावर जिल्ह्यात, म्हणजे त्याच्या आत. जस्त, तांबं, ॲल्युमिनियम वितळवणारे कारखाने, स्पाँज आयर्न, तेल आणि वायूचं नवं उत्खनन, जहाजतोडणी यांना बंदी झाली. कायदा घाईत झाला. तेव्हा विरोधात असलेल्या द्रमुकने विधेयक प्रवर समितीकडे पाठवा म्हटलं, ते मान्य झालं नाही, त्यांनी सभात्याग केला. चालू असलेल्या विहिरींना हात लागला नाही. तरीही तो कायदा झाला.

त्याची किंमत तीन वर्षांनी कळली. 29 मार्च 2023 रोजी केंद्राच्या कोळसा मंत्रालयाने लिलावाची यादी काढली. तिच्यात तंजावर जिल्ह्यातलं वडसेरी, अरियलूरमधलं मायकेलपट्टी आणि कडलूरमधलं सेतियातोपच्या पूर्वेचं क्षेत्र असे लिग्नाइटचे तीन पट्टे होते. 5 एप्रिलला विधानसभेत लक्षवेधी आली. सगळ्या पक्षांचे सदस्य बोलले. मुख्यमंत्री एम. के. स्टालिन यांनी सभागृहात सांगितलं, की परवानगी मिळणार नाही. 8 एप्रिलला केंद्रीय मंत्री प्रल्हाद जोशी यांनी तिन्ही पट्टे लिलावातून काढल्याचं जाहीर केलं. दहा दिवस. लवादात दहा दिवसांत पुढची तारीखसुद्धा मिळत नाही.

म्हणजे सभागृह काम करतं. पण कुणासाठी करतं? इथे मला माझ्या पर्यावरणवादी मित्रमैत्रिणींशी भांडायचं आहे.

त्या कायद्याच्या नावात शेती आहे, शेतमजूर नाही. डेल्टा वाचवा म्हणताना जी जमीन डोळ्यांपुढे येते ती कुणाच्या नावावर आहे? याच जुन्या तंजावर जिल्ह्यात, किळवेणमणी गावात, 25 डिसेंबर 1968 च्या रात्री मजुरीच्या वादातून 44 दलितांना एका झोपडीत कोंडून जाळलं गेलं. बहुतेक बायका आणि मुलं. ज्या जमीनदारांवर खटला झाला ते उच्च न्यायालयातून सुटले. त्या हवेत पसरलेला धूर कुठल्याही प्रदूषण मंडळाने मोजला नाही. आता तोच भाग 'संरक्षित' झाला आहे, आणि मला विचारायचं आहे, की संरक्षण कुणाचं?

त्या कायद्याची बंदीची यादी वाचताना मी दोन नोंदींवर थांबले. तांबं आणि जस्ताच्या जोडीला कातडी कमावण्याचा धंदा आहे, आणि हाडं, शिंगं, खूर यांच्यावर प्रक्रिया करण्याचा धंदा आहे. चामड्याच्या कारखान्यातून क्रोमियम येतं, नदी मरते, कामगार आधी मरतो, हे मला माहीत आहे. मी बंदी उठवा म्हणत नाही. पण सभागृहात कुणी तरी उठून विचारायला हवं होतं, की या कामात पिढ्यानपिढ्या कोण ढकललं गेलं, बंदीनंतर त्यांनी काय करायचं, आणि भातगिरण्या, वीटभट्ट्या, कचरा डेपो हे त्याच श्वासात जाणारे धूर यादीत का नाहीत? विधेयक प्रवर समितीकडे गेलं असतं तर हे प्रश्न विचारायला निदान जागा आणि वेळ मिळाला असता. देखरेख म्हणजे हेच. होकार-नकार नंतर. आधी प्रश्न विचारायला वेळ.

आता मुख्य मुद्द्यावर येते. हवेच्या या सगळ्या साखळीत असं एक तरी ठिकाण आहे का, जिथे आपली माणसं बसतील याची घटनेने हमी दिली आहे? आहे.  विधानसभा. महाराष्ट्रात 288 पैकी 29 जागा अनुसूचित जातींना, 25 अनुसूचित जमातींना. तमिळनाडूत 234 पैकी 44 आणि 2. कुंभकोणमला लागून असलेला तिरुविडैमरुदूर मतदारसंघ, ज्याच्या तालुक्यात कदिरामंगलम येतं, तो राखीव आहे. तिथून निवडून आलेले गोवी चेळियन सप्टेंबर 2024 मध्ये राज्याचे उच्च शिक्षणमंत्री झाले. खुद्द कुंभकोणम महानगरपालिकेचे पहिले महापौर, 2022 मध्ये निवडून आलेले के. सरवणन, रिक्षा चालवणारे. दिवसभर धूर खाणारा माणूस शहराच्या खुर्चीवर बसतो, ही निवडणुकीची करामत आहे. कुठल्या तज्ज्ञ समितीत हे घडलं असतं?

दुसरीकडे राज्य मंडळाची रचना बघा. अध्यक्ष, पाचपर्यंत अधिकारी, पाचपर्यंत स्थानिक संस्थांचे सदस्य, सरकारी कंपन्यांचे दोन, सदस्य सचिव, आणि तीनपर्यंत बिगरसरकारी. हे तीन कुणाचे प्रतिनिधी? कायदा नावं घेतो: शेती, मत्स्यव्यवसाय, उद्योग, व्यापार. आणि मग, सरकारला योग्य वाटेल असा इतर हितसंबंध. कारखान्याच्या मालकाचं नाव कायद्यात आहे. कामगार 'इतर'मध्ये. डेपोशेजारी राहणारी बाई 'इतर'मध्ये. आणि इतर कोण, हे सरकारने ठरवायचं.

लवाद आणि न्यायालयांनी काही केलं नाही, असं मी म्हणत नाही. चेंबूरच्या माहुलमधल्या रहिवाशांना 2015 मध्ये लवादानेच न्यायाचं पहिलं दार उघडलं, आणि 2020 मध्ये तिथल्या चार कंपन्यांवर 286 कोटींची भरपाई बसवली. गोवंडीच्या जैववैद्यकीय कचरा प्रकल्पाला हलवायचा आदेश 2023 मध्ये उच्च न्यायालयाने दिला. पण न्यायालयात जायला वकील लागतो, मुंबई-पुणे-दिल्ली लागते, वर्षं लागतात. आणि न्यायालयाच्या बाकावर राखीव जागा नाही. न्यायालय तुमचं ऐकून घेतं ते उपकार म्हणून नाही, मान्य. पण तिथे तुम्ही अर्जदार असता. सभागृहात तुम्ही मालक असता.

शिवाय अधिकारी आणि न्यायालयं मिळून मुदती कुणाला कशा देतात ते बघा. 9 जानेवारी 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅसवर जायला सांगितलं. सहा महिने. पाव भाजणारे कारागीर, भट्टीशेजारीच झोपणारी परप्रांतातली पोरं, छोटे मालक. आता दुसरी भट्टी बघा. डिसेंबर 2015 मध्ये केंद्राने कोळशाच्या वीज प्रकल्पांना गंधकाचा धूर रोखायचे निकष लावले, मुदत दोन वर्षांची. मग ती वाढली, परत वाढली, परत वाढली. जुलै 2025 मध्ये अधिसूचना निघाली आणि देशातल्या तीनचतुर्थांशाहून जास्त प्रकल्पांना ती यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. दहा लाखांहून मोठ्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतल्या प्रकल्पांना सूट नाही. अतिप्रदूषित क्षेत्रं आणि यादीतली शहरं यांच्याजवळचं प्रकरणपरत्वे ठरणार. बाकीच्यांना माफी. म्हणजे गाव लहान असेल, यादीत नसेल, तर तिथल्या फुप्फुसाला निकष नाही. पावाला सहा महिने, विजेला दहा वर्षं आणि वर माफी. ही अधिसूचना ज्या राज्यांच्या डोक्यावर पडली त्यांपैकी एकाही विधानसभेची संमती तिला लागली नाही.

दोन आक्षेप मला अपेक्षित आहेत आणि दोन्ही आपल्याच घरातले आहेत.

पहिला: राखीव जागेवरचा आमदार आपला असतो कुठे? पुणे करारापासून आपण हेच रडतोय. तो पक्षाचा असतो, सवर्ण मतांवर निवडून येतो, सभागृहात गप्प बसतो. खरं आहे. पण गप्प बसणाऱ्याला बोलतं करायचं साधन आपल्याकडे तेव्हाच असतं, जेव्हा विषय त्याच्या टेबलावर कायद्याने आलेला असतो. आज तो सांगतो, "हे माझ्या हातात नाही, मंडळाचं काम आहे," आणि दुर्दैवाने तो खरं बोलतो. आराखडा सभागृहात यायला लागला की त्याला हे म्हणता येणार नाही. त्याचं मत नोंदलं जाईल. गैरहजेरी नोंदली जाईल. पुढच्या निवडणुकीत वस्तीत आला की ती नोंद आपण त्याच्यापुढे ठेवू.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. बाबासाहेबांनी घटना समितीत गावगाड्याला राज्याचा पाया करायला विरोध केला होता. स्थानिक सत्ता म्हणजे स्थानिक जातीची सत्ता, हे त्यांनी आपल्याला शिकवलं. मग दिल्लीचा अधिकार काढून विधानसभेला देणं म्हणजे प्रबळ जातींच्या हातात हवा देणं नाही का? माझं उत्तर असं, की मी अधिकार काढा म्हणत नाही, देखरेख जोडा म्हणते. देशभराचं किमान मानक दिल्लीनेच ठरवावं आणि कुठल्याही राज्याला त्याखाली जाता येऊ नये. आज ते किमान मानकसुद्धा ढिलं आहे. पीएम 2.5 साठी आपली वार्षिक मर्यादा 2009 पासून 40 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची 2021 पासून 5. राज्याच्या सभागृहाला यापेक्षा कडक जायची मोकळीक हवी, ढिलं करायची नको. आणि केंद्राला सूट द्यायची असेल तर ती राज्याच्या सभागृहातून यायला हवी. असं असतं तर कोराडी आणि चंद्रपूरच्या प्रत्येक मुदतवाढीवर विदर्भाच्या आमदारांना हात वर करावा लागला असता.

कागदावरची तपासणी आणि खरी देखरेख यातला फरक कुंभकोणमपेक्षा कुणाला जास्त माहीत असेल? 16 जुलै 2004 रोजी इथल्या एका शाळेत माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून आग लागली, गवताच्या छपराने पेट घेतला आणि 94 मुलं गेली. शाळेला मान्यता होती. नियम होते. त्यानंतर आयोग बसला, छपरं काढली गेली, खटला दहा वर्षं चालला. नियम असतो आणि त्याचा हिशेब मागणारं कुणी नसतं, तेव्हा हिशेब मुलांच्या देहांनी द्यावा लागतो. हवेची आग दिसत नाही, ती हळू जळते, एवढाच फरक.

म्हणून मागण्या स्पष्ट मांडते.

एक, प्रत्येक शहराचा आणि प्रत्येक विभागाचा हवा आराखडा मंजुरीआधी विधानसभेच्या पटलावर आला पाहिजे आणि त्यावर किमान एक दिवस चर्चा झाली पाहिजे. दोन, कलम 35 चा अहवाल वेळेत ठेवला गेला नाही तर मंत्र्याने कारण लेखी द्यावं. तीन, या कार्यक्रमाचा खर्च लोकलेखा समितीने आणि अनुसूचित जाती व जमाती कल्याण समित्यांनी दरवर्षी तपासावा. चार, राज्य मंडळावरच्या त्या 'इतर' जागांवर सफाई कामगार, भंगार वेचणारे आणि डेपोशेजारच्या वस्त्या यांचे प्रतिनिधी नेमावेत. राज्य सरकार हे उद्या सकाळी करू शकतं, कायदा बदलायला नको. पाच, मोजणीची यंत्रं कुठे लावायची ते ठरवताना देवनारसारख्या कचरा डेपोंच्या आणि भट्ट्यांच्या कडेच्या वस्त्या पहिल्या धराव्यात.

आणि आता आपल्याशी थोडं. हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहेत. आपल्याला शिक्षणाने काय दिलं? नोकरी अजून बऱ्याच जणांना दिली नाही. पण सरकारी कागद वाचायची ताकद दिली. आपल्या आईबापांना ज्या कागदावर अंगठा लावावा लागला, तो आपण वाचू शकतो, त्यातली चूक दाखवू शकतो. तर ती ताकद वापरा. दहा रुपये भरून माहिती अधिकारात विचारा, की आपल्या शहराच्या हवा समितीच्या बैठकांना कोण हजर होतं. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर जाऊन बघा, आपल्या आमदाराने पाच वर्षांत हवेवर एक तरी तारांकित प्रश्न विचारला का. नसेल तर प्रश्न लिहून त्याच्या कार्यालयात नेऊन द्या. प्रश्न कसा लिहायचा हे त्याच्या पीएला आपल्यापेक्षा जास्त कळतं, असं समजू नका. हिवाळी अधिवेशनाच्या आधी, ऑक्टोबरात हे काम करा.

पर्यावरण हा विषय आपण फार काळ दुसऱ्यांच्या हातात ठेवला. झाडांवर कविता करणाऱ्यांच्या, वाघ मोजणाऱ्यांच्या, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक्यूआय टाकणाऱ्यांच्या. त्यांच्या हवेत आणि आपल्या हवेत फरक आहे. त्यांना हवा बिघडली की घरात जाऊन दार लावता येतं. आपली माणसं हवेतच कामाला जातात.

पुढच्या वेळी कुंभकोणमला गेले की अक्कांना सांगायला माझ्याकडे उत्तर आहे. कलेक्टर ठरवत नाही. ज्यांना तुम्ही मत दिलं ते ठरवत नाहीत, कारण त्यांना कुणी विचारतच नाही. त्यांनी ठरवायला हवं, आणि ते ठरवेपर्यंत त्यांना विचारत राहायचं काम माझं आहे, तुमचं आहे, आपल्या पोरींचं आहे.

जय भीम.